धीराचा शब्द : डॉक्टर रखमाबाईंची दुसरी ओळख

रखमाबाईंचे नाव निघाले की आपल्या जुन्या मराठी घरांतून हटकून त्यांच्या खटल्याचीच गोष्ट निघते. दादाजी भिकाजी नावाच्या नवऱ्याने बायकोने नांदायला यावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, आणि या बाईने नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. आपल्या पणज्यांच्या काळी या खटल्याने महाराष्ट्र ढवळून निघाला होता, म्हणून ही आठवण टिकली हे स्वाभाविकच आहे. परंतु खटला मिटला तेव्हा बाई अवघ्या २३ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या आणखी ६७ वर्षे जगल्या, आणि त्यांतील जवळजवळ ३५ वर्षे त्यांनी वेणांनी तळमळणाऱ्या बायकांच्या उशापायथ्याशी उभे राहून घालविली. या दुसऱ्या रखमाबाईंची ओळख आपल्याला फारशी नाही. आज ती थोडी करून द्यावी, असा माझा विचार आहे.

ती करून देण्याला एक निमित्तही आहे. डॉक्टराचे पुष्कळसे काम रोगी पूर्ण शुद्धीवर असतानाच चालते. बाळंतपण तर बोलूनचालून जागेपणीचे. अशा वेळी डॉक्टराचा हात काय करतो याइतकेच त्याचे तोंड काय बोलते यालाही महत्त्व असते. निजलेल्या रोग्याशी बोलावे लागत नाही. जागा रोगी मात्र सगळे ऐकत असतो, सगळे पाहत असतो, आणि त्याला कोणी काही सांगितले नाही तर स्वतःच काहीतरी वाईट कल्पून घेत असतो. रखमाबाईंच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे कोर्टातील रखमाबाई आणि इस्पितळातील रखमाबाई या दोन निराळ्या बाया राहत नाहीत.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई विधवा झाल्या तेव्हा त्यांचे स्वतःचे वयही कोवळेच होते. त्यांच्या सुतार जातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी त्यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे सखाराम अर्जुन मोठे व्यासंगी गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहासाच्या अभ्यासासाठी जी सुप्रसिद्ध संस्था निघाली तिच्या आठ संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या कानांवर औषधांची आणि पुस्तकांची भाषा पडली नसती तरच नवल.

तथापि घर कितीही सुधारलेले असले तरी काळ जुनाच होता. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजींशी लागले. मुलगी मात्र माहेरीच राहिली, आणि वाचीत राहिली. वय वाढले तशी तिची समज वाढली आणि नवऱ्याच्या घरी न जाण्याचा तिचा निश्चयही पक्का होत गेला. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल १८८५ मध्ये, पाठीशी भिंतीसारखे उभे असलेले सखाराम अर्जुन निवर्तले. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियामध्ये एक हिंदू स्त्री अशा सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे प्रसिद्ध झाली. ती लिहिणारी बाई कोण हे पुढे साऱ्यांना कळले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. जी स्त्री नवऱ्याकडे कधी नांदलीच नाही तिला बळजबरीने त्याच्या घरी पाठविण्यास आपल्याला आधार दिसत नाही, असा त्यांच्या निकालाचा मथितार्थ होता. त्यावर अपील झाले आणि तो निर्णय फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी रखमाबाईंवर कडक टीका केली. बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने लढले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. या प्रकरणाने जी चर्चा उठली तिची परिणती १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यात झाली, आणि संमतीचे वय दहावरून बारावर गेले.

संमती हा शब्द वाचकांनी येथे ध्यानात ठेवावा. रखमाबाईंचे कोर्टातील सारे म्हणणे या एका शब्दात सामावते. ज्या लग्नाला माझी संमती कोणी विचारली नाही, त्यासाठी माझा देह कोणाच्या स्वाधीन करण्याचा अधिकार कोणाला नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे डॉक्टर झाल्यावर दुसऱ्या बायकांचे देह त्यांच्याच हाती येणार होते. तेव्हा ही बाई त्या देहांशी कशी वागली असेल याची कल्पना करण्याला हा खटला म्हणजे उत्तम वाट आहे.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. फॅरनसाहेबांचा निकाल लागण्यापूर्वी जेमतेम आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉक्टर आनंदीबाई जोशी वारल्या. फिलाडेल्फियाहून १८८६ साली पदवी घेऊन त्या परत आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांचा विभाग त्यांच्या हाती सोपविण्याचे ठरले होते. पण त्या कामावर रुजू होण्याइतके आयुष्यच त्यांना मिळाले नाही. एक मराठी स्त्री डॉक्टर होऊन गेली आणि तिची जागा रिकामी राहिली. ज्या दुसरीने पुढे हे काम हाती घेतले तिला त्याच आठवड्यात तुरुंगाची शिक्षा ऐकविली जात होती.

बाईंना वैद्यकीच्या वाटेला लावण्यात मुंबईच्या कामा इस्पितळातील डॉक्टर एडिथ पीची यांचा हात मोठा होता. एडिंबरोमध्ये स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे म्हणून ज्या सात जणी झगडल्या त्यांतील ही एक. त्यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ साली विलायतेला निघाल्या. खर्चासाठी अनेकांनी हात पुढे केला. आपल्या माळव्यातील वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे इंदूरचे महाराज शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. लंडनला मॅक्लारेन दांपत्याने त्यांना घरच्यासारखा आधार दिला. स्त्रियांसाठी १८७४ साली निघालेल्या लंडनच्या वैद्यकीय शाळेत आणि रॉयल फ्री इस्पितळात शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. परतल्यावर थोडा काळ मुंबईत काढून १८९५ साली त्यांनी सुरतेच्या बायकांच्या इस्पितळाचा कारभार हाती घेतला.

आता त्या काळच्या बाळंतिणीची अवस्था ध्यानात घ्या. एडिंबरोच्या सिम्सनसाहेबांनी १८४७ सालीच बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला होता, आणि हिंदुस्थानातही ते लवकरच आले होते. पण क्लोरोफॉर्म द्यायला जाणता हात लागतो, त्यात जिवाला धोकाही असतो, आणि बाईला गाढ निजविले तर कळा मंदावतात. म्हणून तपासणी, मूल आडवे असल्यास ते फिरविणे, टाके घालणे, यांतील बरेचसे बाई जागी असतानाच उरकावे लागे. अशा वेळी बाईने साथ दिली तरच डॉक्टराचे हात चालतात. कळ आली की जोर करायचा, कळ ओसरली की दम घ्यायचा. डोके बाहेर येण्याच्या नेमक्या वेळी जोर थांबवून नुसते तोंडाने श्वास सोडायचे. हे सगळे बोलूनच करून घ्यावे लागते. बाई घाबरून आवळून गेली, हात झिडकारू लागली, तर मोठा पदवीधरही हतबल होतो.

आणि सुरतेच्या बायका घाबरलेल्या होत्याच. इस्पितळात जाणे म्हणजे मरायला जाणे अशी समजूत होती. परका हात लागणार, विटाळ होणार, बाहेरचे अन्नपाणी पोटात जाणार, घरची सुईण बोलावली नाही म्हणून सासू रागावणार, या शंका निराळ्याच. आपल्या अनेक घरांतही दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत हेच चाले. त्यातून बाई मुंबईच्या, विलायतेहून आलेल्या, कोर्टकचेरीत गाजलेल्या. बोली मराठी, तर रोगी बायकांची गुजराती. अशा ठिकाणी नुसत्या ज्ञानाने भागत नाही.

रखमाबाईंविषयी एक हकीगत सांगितली जाते. इस्पितळ उघडे आहे, डॉक्टरीणबाई बसल्या आहेत, पण बाळंतपणाला कोणी येईना. तेव्हा बाईंनी एक गाभण शेळी आवारात आणली आणि चारचौघींच्या देखत तिचे बाळंतपण सुखरूप पार पाडले. शेळीही जगली, पिलूही जगले, आणि बायकांच्या मनातील भीतीला पहिली चीर पडली. या गोष्टीतील मर्म मला असे दिसते की बाईंनी तेथे व्याख्यान दिले नाही, अडाणी म्हणून कोणाला हिणवले नाही, आणि सरकारी हुकमाचा धाकही घातला नाही. मी काय करते ते तुम्ही डोळ्यांनी पाहा आणि मग ठरवा, इतकाच त्यांच्या कृतीचा अर्थ होता. डॉक्टराने रोग्याची संमती मागण्याची याहून साधी रीत मला ठाऊक नाही.

याच्या उलट नमुना त्याच सुमारास पुण्यात घडला. १८९७ च्या प्लेगमध्ये गोऱ्या शिपायांनी घरात शिरून तपासण्या केल्या, माणसे हलविली, सामानसुमान बाहेर काढले. त्यामागील हेतू साथ आवरण्याचा होता. पण न विचारता, न समजावता लोकांच्या अंगाला आणि देवघराला हात लागला. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबांवर झाडलेल्या गोळीत झाली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. रोग तोच आणि शास्त्रही तेच असले, तरी एके ठिकाणी शब्द आधी आला आणि दुसऱ्या ठिकाणी हात आधी आला, तर केवढे अंतर पडते ते यावरून दिसते.

सुरतेत बाईंनी बावीस वर्षे काढली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे पातळ नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात नाकारले त्याचे सुतक त्यांनी का पाळले, यावर पुष्कळांनी तर्क केले आहेत. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या बायकांच्या घरांत जायचे, ज्यांच्या उशाशी बसायचे, त्यांच्या डोळ्यांना खुपेल असा वेष टाळण्याची समज या बाईंना असावी. हे माझे अनुमान आहे. वाचकांनी ते तेवढ्याच किमतीने घ्यावे.

पुढे सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेतील जागा देऊ केली असता ती न स्वीकारता त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात काम करीत राहिल्या. तेथे त्यांनी रेड क्रॉसची शाखाही सुरू केली. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी पडदापद्धती गेली पाहिजे असे प्रतिपादन करणारा त्यांचा लेख इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तीन तपे पडद्यामागच्या बायकांवर उपचार केल्यावर लिहिलेला तो लेख आहे, हे महत्त्वाचे. त्यांनी आधी पडद्याच्या आत जाऊन बायकांचा विश्वास मिळविला, आणि मग पडदा सारा, असे सांगितले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

जनाना इस्पितळ हा शब्द आम्हा भोपाळकरांना परका नाही. १८१९ पासून १९२६ पर्यंत येथे एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले. त्यांतील शेवटच्या सुलतान जहाँ बेगम स्वतः बुरखा पाळीत आणि तरीही बायकांच्या शिक्षणाकडे व आरोग्याकडे जातीने लक्ष पुरवीत. सुलतानिया जनाना इस्पितळाचे नाव त्यांच्यावरूनच पडले, आणि भोपाळातील कित्येक मराठी मुलांनी पहिला टाहो तेथेच फोडला आहे. पडद्यातल्या बाईकडे बाईनेच जावे आणि तिच्या बोलीत बोलावे, हा विचार या संस्थानांतून बराच आधी रुजला होता.

मी येथे कोटरा सुल्तानाबादेत राहते. आमच्या वस्तीत मराठी बिऱ्हाडे आहेत. पुरुष आणि मुले हिंदी सराईतपणे बोलतात. पण घरातल्या आज्या भाजीवालीशी हिंदी बोलल्या तरी ठेच लागली की आई गं असेच म्हणतात. यांतील एका आजीबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. हल्ली त्यासाठी डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात आणि रोगी जागाच असतो. आजीबाईंना कोणी आधी काही सांगितले नव्हते. तोंडावर कापड आले, वर दिव्याचा झोत आला, आजूबाजूला इंग्रजीत बोलणे सुरू झाले, आणि त्या दचकून डोके हलवू लागल्या. शेवटी एका नर्सबाईंनी त्यांचा हात धरला आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले की आजी, आता पाणी लागेल, आता थोडे दाबल्यासारखे वाटेल, दुखले तर माझा हात दाबा, डोके तेवढे हलवू नका. आजीबाई शांत झाल्या आणि काम बिनबोभाट पार पडले. आजही त्या डॉक्टरांचे नाव विसरतात. त्या नर्सबाईंना मात्र दुवा देतात.

हे केवळ मायेचे नव्हे, शास्त्राचेही काम आहे. आज शस्त्रक्रियेने होणारी बहुतेक बाळंतपणे पाठीत सुई देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून होतात. आई जागी असते आणि मुलाचे पहिले रडणे स्वतः ऐकते. या भुलीत दुखणे जाते, पण ओढल्याचे आणि दाबल्याचे भान राहते. हे आधी सांगितले नसेल तर ती ओढ जाणवताच बाईला वाटते की भूल उतरली, आता आपल्याला जिवंतपणी कापणार. दोन वाक्ये आधी सांगितली असती तर ही भीती टळती. अमेरिकेतील बोस्टन येथील डॉक्टरांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १४० गरोदर स्त्रियांना ही सुई देण्यापूर्वी काहींना मधमाशी डसल्यासारखे होईल असे सांगितले, आणि काहींना ही जागा आता बधिर होईल, तुम्हाला बरे वाटेल असे सांगितले. सुई तीच असूनही सौम्य शब्द ऐकलेल्या बायकांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले. आपल्या जुन्या सुइणींतील ज्या शहाण्या होत्या त्यांना हे अभ्यासावाचून कळत होते. आता झालेच हं बाई, एवढे म्हणत त्या अर्धे काम करीत.

परंतु धीर देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. काही होणार नाही असे म्हणून सुई खुपसली की रोगी पुढच्या वेळी कशावरच विश्वास ठेवीत नाही. काय होईल ते खरे सांगावे, सौम्य शब्दांत सांगावे, होण्यापूर्वी सांगावे, आणि नको असेल तर थांबविण्याची एखादी खूण रोग्याच्या हाती द्यावी. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्याला थांब म्हणता येते त्याला सहन करता येते. रखमाबाईंनी आयुष्याच्या पहिल्या भागात स्वतःसाठी हा नकाराचा अधिकार मागितला, आणि त्यासाठी कैदेची तयारी ठेवली. उरलेल्या आयुष्यात हजारो घाबऱ्या बायकांचा होकार त्यांनी बळाने न घेता विश्वासाने मिळविला. नाही म्हणण्याची किंमत जिने मोजली होती, तिलाच दुसरीच्या हो म्हणण्याचे मोल कळले.

आपल्या जुन्या घरांतील वडीलमाणसांना इस्पितळात न्यायची वेळ प्रत्येकावर येते. तेव्हा आपण डॉक्टराचा लौकिक विचारतो, खर्च विचारतो, खोली हवेशीर आहे का ते पाहतो. त्याबरोबर आणखी एक विचारावे, की आमच्या आजींशी काम चालू असताना कोण बोलणार, आणि कोणत्या भाषेत? त्यांना मराठीच नीट कळते हे आधी सांगून ठेवावे. शक्य असेल तर एक मराठी जाणणारे माणूस जवळ ठेवण्याची विनंती करावी. आणि आपल्या घरांतून जी मुलेमुली आज डॉक्टर होत आहेत, त्यांनी रखमाबाईंचा खटला जरूर वाचावा. पण त्याबरोबर सुरतेच्या आवारातील त्या शेळीचीही गोष्ट विसरू नये.